कर्नल मॉड्यूलमधून लांब मजकूर छापताना तो मधेच तुटतो: मर्यादा वाढवता येते का?

हिंजवडी_फेज३ (प्रश्न)

बोर्ड बीगलबोन ब्लॅक (छोटा आर्म संगणक), लिनक्स कर्नल ५.१०, मॉड्यूल बाहेरून बांधलेलं. मॉड्यूल एक कॉन्फिगरेशन वाचतं आणि त्याचा तपशील मजकूररूपात तयार करतं: १०० ओळी, प्रत्येकीत ६० अक्षरं आणि शेवटी नवी ओळ, म्हणजे एकूण ६१०० बाइट. के-मॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) ८१९२ बाइटचा बफर घेतला आहे. एसएन-प्रिंटएफने परत दिलेली लांबी बरोबर ६१०० आहे, त्यामुळे बफरमध्ये मजकूर पूर्ण आहे याची खात्री आहे. छापताना एकच कॉल:

पीआर_इन्फो("%एस\एन", बफर);

दिसतं ते असं:

१. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग दाखवणारी आज्ञा) १६ ओळी आणि १७ व्या ओळीची दोन-चार अक्षरं, पुढे काही नाही. मॉड्यूलच्या नावासकट मोजली तर बरोब्बर ९८९ अक्षरं.
२. सिरीयल कन्सोलवर त्याहून कमी, १३ च ओळी. मजकूर तोच, कॉल तोच, मग दोन ठिकाणी दोन आकडे कसे?
३. हे सगळं लगेच दिसत नाही. दुसरं काहीतरी छापलं गेलं, उदाहरणार्थ यूएसबी काढून लावली, की मग आधीचं उमटतं.

पीआर_कॉन्ट (आधीच्याच ओळीला पुढचा तुकडा जोडणारा कॉल) वापरून तुकडे जोडून पाहिले, तर मधेच एमएमसी ड्रायव्हरच्या ओळी घुसतात. लॉग_बफ_लेन=४एम बूट पॅरामीटर देऊन पाहिला, काडीचा फरक नाही. मेन्यू-कॉन्फिगमध्ये (कर्नल बांधण्याआधी पर्याय निवडायची सोय) ही मर्यादा वाढवायचा पर्याय कुठे आहे?

(कट्ट्याच्या रिवाजाप्रमाणे कोड उच्चारानुसार देवनागरीत लिहिला आहे. \एन म्हणजे नवी ओळ.)

---

डेक्कनचा_डीमेसेज

आधी एक खात्री करून घ्या. सिरीयल बघायला मिनिकॉम वापरत असाल तर त्यात ओळ गुंडाळायची सोय मुळात बंद असते. लांब ओळ स्क्रीनच्या काठावर, साधारण ८० व्या अक्षराला, कापली जाते आणि लोक कर्नलला दोष देत बसतात. कंट्रोल-ए दाबून डब्ल्यू दाबा, किंवा मिनिकॉम सुरू करतानाच उणे-डब्ल्यू द्या. तुमच्या ओळी ६० च्या आहेत, म्हणून तुमचा रोग हा नव्हे. पण हा धागा शोधत येणाऱ्या निम्म्या लोकांचा हाच असेल.

---

कोथरूड_कर्नल

पर्याय मेन्यू-कॉन्फिगमध्ये नाही. शोधू नका.

पीआर_इन्फोच्या मुळाशी प्रिंटके हे कर्नलचं छापायचं फंक्शन आहे. प्रिंटकेच्या एका कॉलची एक नोंद होते आणि नोंदीची कमाल लांबी सोर्समध्येच बांधलेली आहे. ५.१० च्या कर्नल/प्रिंटके/प्रिंटके.सी मध्ये लॉग_लाइन_मॅक्स म्हणजे १०२४ वजा प्रिफिक्स_मॅक्स. प्रिफिक्स_मॅक्स ३२ असतं, कॉन्फिग_प्रिंटके_कॉलर चालू असेल तर ४८. म्हणजे तुमच्याकडे ९९२. त्यातला एक बाइट शेवटच्या शून्याचा. पीआर_इन्फो मजकुरापुढे पातळी (संदेश किती गंभीर) सांगणारे दोन बाइट चिकटवतं, तेही याच जागेत बसतात आणि मग काढून टाकले जातात. ९९२ वजा १ वजा २, उरले ९८९. तुमची मोजणी अचूक आहे.

उरलेला मजकूर गुपचूप टाकून दिला जातो. एरर नाही, वॉर्निंग नाही. आपल्याकडे दुकानदार निदान पाटी तरी लावतो, कर्नल तेवढेही कष्ट घेत नाही.

लॉग_बफ_लेनचा याच्याशी संबंध नाही. तो सगळ्या नोंदी मिळून जी रिंग (गोल फिरणारा बफर) आहे तिचा आकार. डीफॉल्ट शिफ्ट १७, म्हणजे १२८ केबी. रिंग ४ एमबीची केली तर जास्त नोंदी मावतील, पण एकेक नोंद तेवढीच राहील.

आता क्रमांक २, म्हणजे १६ आणि १३ चा घोळ. नोंदीत मधे नव्या ओळी असतील तर कन्सोलवर पाठवताना प्रत्येक ओळीपुढे वेळेचा शिक्का लावला जातो. चौकटी कंस, सेकंद, टिंब, सहा आकडे, कंस, जागा: १५ अक्षरं. हे सगळं ज्या बफरमध्ये रचलं जातं तो ५.१० मध्ये १०२४ चा. तुमची एक ओळ शिक्क्यासकट आणि नव्या ओळीसकट ७६ बाइटची. १३ ओळींचे ९८८, पहिल्या ओळीत मॉड्यूलच्या नावाचे आणखी दहाएक. चौदावी बसत नाही, म्हणून ती अख्खी सोडली जाते. डीमेसेज मात्र /डेव्ह/केमेसेज वाचतं, तिथे नोंदीला एकदाच शीर्षक लागतं आणि बफर ८१९२ चा असतो, म्हणून तिथे ९८९ पूर्ण. मजकूर दोनदा कापला जातोय, दोन वेगळ्या कात्र्यांनी.

क्रमांक ३ याच कापाकापीचं पिल्लू आहे. तुम्ही फॉरमॅटच्या शेवटी \एन दिलंत खरं, पण ते ६१०० व्या बाइटनंतर आहे. कापताना तेही गेलं. शेवटी नवी ओळ नसलेली नोंद कर्नल बंद करत नाही. पुढे पीआर_कॉन्ट येईल अशी वाट बघत उघडी ठेवतो, आणि उघडी नोंद वाचणाऱ्याला दिसत नाही. दुसऱ्या कोणी काही छापलं की ती बंद होते आणि उमटते. ज्यांचा छोटासा संदेशसुद्धा “एक पाऊल उशिरा” येतो त्यांनी आधी आपल्या ओळीच्या शेवटी \एन आहे का ते बघावं. दहापैकी नऊ वेळा तेच असतं.

पीआर_कॉन्टने हे सुटत नाही, आणि “बोर्डावर एकच कोअर आहे, मग चालेल” हेही खरं नाही. इंटरप्ट आला किंवा टास्क बदलला तरी तार तुटते. पीआर_कॉन्ट शेवटची नोंद आपलीच आहे का ते बघतं, नसेल तर तुकड्याची नवी नोंद करतं. ती नोंद आपली मूळ पातळी गमावते आणि डीफॉल्ट पातळी घेते, सहसा ४. मग डीमेसेज उणे-एल इन्फो असं गाळून बघणाऱ्याला मधले तुकडे गायब दिसतात. शिवाय जोडून जोडून लांबी लॉग_लाइन_मॅक्सच्या पुढे जाणार असेल तर तिथेही नवी नोंद होते. थोडक्यात, पीआर_कॉन्ट एका लहान ओळीचे तुकडे जोडायला ठीक, १०० ओळींना नाही.

सोर्समधला आकडा बदलून कर्नल पुन्हा बांधावा असं मनात येईल. नका करू. तुमचं मॉड्यूल दुसऱ्याच्या कर्नलवर गेलं की पुन्हा ९८९. शिवाय /डेव्ह/केमेसेज एका रीडमध्ये एक अख्खी नोंद देतं. वाचणाऱ्याचा बफर लहान पडला तर त्याला ईइनव्हॅल मिळतो, म्हणजे लॉग गोळा करणारे प्रोग्रॅम अडखळणार.

करायचं ते साधं आहे: एक ओळ, एक नोंद.

व्हाइल (बाकी) {
  मर्यादा = मिन_टी(साइझ_टी, बाकी, २००);
  एनएल = मेमसीएचआर(पी, '\एन', मर्यादा);
  लांबी = एनएल ? एनएल - पी : मर्यादा;
  पीआर_इन्फो("%.*एस\एन", (इंट)लांबी, पी);
  इफ (एनएल) लांबी++;
  पी += लांबी;
  बाकी -= लांबी;
}

%.*एस मुळे तुकडा वेगळ्या बफरमध्ये कॉपी करायची गरज नाही आणि मूळ मजकुरात शून्य घुसवावं लागत नाही. (इंट) विसरू नका. तारा (*) इंट मागतो. ३२ बिट आर्मवर साइझ_टी आणि इंट एकाच मापाचे, त्यामुळे चूक झाकली जाते, आणि ६४ बिटवर गेल्यावर कंपायलर कुरकुरतो. ती कुरकुर ऐका. आणि बफर थेट फॉरमॅट म्हणून कधीही देऊ नका. कॉन्फिगरेशनमध्ये कुठेतरी टक्क्याचं चिन्ह निघालं तर प्रिंटके स्टॅकवरचा कचरा वाचायला लागेल.

८ केबीचा बफर के-मॅलॉकने घेतलात ते बरं केलंत. स्टॅकवर घेतला असता तर फ्रेम साइझची वॉर्निंग आलीच असती. कर्नलचा स्टॅक ३२ बिट आर्मवर ८ केबीच असतो.

---

सदाशिव_सिरीयल

वरच्या कोडात एक बारीक खोट आहे. ओळ बरोबर २०० अक्षरांची असेल तर मेमसीएचआर पहिल्या २०० बाइटमध्ये शोधतो, नवी ओळ २०१ व्या जागी असते, सापडत नाही. २०० अक्षरं छापली जातात, आणि पुढच्या फेरीत सुरुवातीलाच \एन सापडून एक रिकामी ओळ उमटते. शोध २०१ बाइटमध्ये घ्या आणि न सापडल्यास २०० कापा:

एनएल = मेमसीएचआर(पी, '\एन', मिन_टी(साइझ_टी, बाकी, २०१));

६० च्या ओळींना हे कधी चावणार नाही, पण हा तुकडा लोक उचलून दुसरीकडे डकवणार.

दुसरं, मजकुरात देवनागरी असेल तर २०० वर कापणं धोक्याचं. यूटीएफ-८ मध्ये आपलं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइटचं. ६६ चिन्हांचे १९८ झाले, ६७ वं मधोमध चिरलं जाणार. कापायच्या जागेवरचा बाइट ०एक्ससी० शी अँड करून ०एक्स८० येत असेल तर एकेक बाइट मागे या. तसंही /डेव्ह/केमेसेज आस्कीबाहेरचा प्रत्येक बाइट \एक्स आणि दोन हेक्स आकडे असा करूनच देतो, त्यामुळे कच्चं वाचलंत तर आपली भाषा ओळखू येणार नाही.

---

हिंजवडी_फेज३

कोथरूड, सदाशिव, दोघांचे आभार. ओळीओळीने केलं, डीमेसेजमध्ये १०० च्या १०० ओळी आल्या आणि लगेच आल्या.

दोन गोष्टी उरल्या. हे फंक्शन वारंवार बोलावलं जाऊ शकतं म्हणून पीआर_इन्फो ऐवजी पीआर_इन्फो_रेटलिमिटेड घातलं, तर फक्त पहिल्या १० ओळी येतात. आणि बोर्ड रीबूट केल्यापासून सिरीयलवर एकही ओळ येत नाही, डीमेसेजमध्ये मात्र सगळं आहे. काल येत होतं.

---

कोथरूड_कर्नल

रेटलिमिटेडचा हिशेब प्रत्येक कॉलच्या जागेमागे असतो: ५ सेकंदांत १०. तुमच्या लूपमध्ये जागा एकच आहे, त्यामुळे ११ व्या ओळीपासून दार बंद. थोड्या वेळाने “कॉलबॅक्स सप्रेस्ड” अशी ओळ येईल ती याचीच. अडवायचं ते लूपच्या बाहेर, एकदाच:

स्टॅटिक डिफाइन_रेटलिमिट_स्टेट(आरएस, ५ * एचझेड, १);
इफ (!__रेटलिमिट(&आरएस))
  रिटर्न;

आणि आत साधं पीआर_इन्फो. आला तर अख्खा मजकूर येतो, नाहीतर काहीच नाही. अर्धवट कॉन्फिगरेशन छापण्यापेक्षा न छापलेलं बरं, वाचणारा निदान फसत नाही.

हात घातलाच आहे तर फाइलच्या पहिल्या इन्क्लुडच्या वर पीआर_एफएमटीच्या व्याख्येत केबिल्ड_मॉडनेम (मॉड्यूलचं नाव) आहे ना ते बघा, आणि प्रत्येक ओळीत फेरीचा क्रमांक व ओळीचा क्रमांक घाला, जसं ४२:०१७. दोन ओळींच्या मधे दुसऱ्या ड्रायव्हरची ओळ येणं तुम्ही थांबवू शकत नाही. क्रमांक असला की ग्रेप मारून आपला मजकूर परत सलग करता येतो, आणि मधली ओळ हरवली असेल तर तेही कळतं.

---

औंध_आर्म

सिरीयलचं उत्तर क्वाएट आहे. बीगलबोनच्या डेबियन इमेजमध्ये /बूट/यूएन्व्ह.टीएक्सटी मधल्या सीएमडीलाइनमध्ये क्वाएट शब्द असतो. त्याने कन्सोलची पातळी ४ होते. कन्सोलवर येतं ते फक्त या आकड्याहून लहान पातळीचं. वॉर्निंग ४, नोटिस ५, इन्फो ६, डीबग ७. म्हणजे क्वाएट असताना वॉर्निंगसुद्धा येत नाही, एररपर्यंतच. काल कोणीतरी हाताने पातळी वाढवलेली असणार, रीबूटमध्ये ती गेली.

बघायला: /प्रॉक/सिस/कर्नल/प्रिंटके कॅट करा. चार आकडे येतील, पहिला कन्सोलचा. वाढवायला रूट म्हणून डीमेसेज उणे-एन ७, इन्फोला तेवढं पुरतं. डीबगलाही हवं तर ८. कायमचं हवं असेल तर सीएमडीलाइनमधून क्वाएट काढा आणि लॉगलेव्हल=७ घाला. इग्नोअर_लॉगलेव्हल हाही पॅरामीटर आहे, पण तो सगळंच ओकतो. चाचणीपुरता ठेवा.

एसएसएचने आत शिरून “कन्सोलवर काही येत नाही” म्हणणारेही असतात. एसएसएचची खिडकी म्हणजे कन्सोल नव्हे. तिथे डीमेसेज उणे-डब्ल्यू.

आता वेगाचा हिशेब, कारण यापुढे तोच बोकांडी बसतो. ११५२०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप: एका बाइटला तारेवर १० बिट, म्हणजे सेकंदाला ११५२० बाइट. तुमची एक ओळ अशी: शिक्का १५, मॉड्यूलचं नाव १०, मजकूर ६०, शेवटी कॅरेज रिटर्न आणि नवी ओळ २. एकूण ८७. १०० ओळींचे ८७०० बाइट, म्हणजे पाऊण सेकंद. ९६०० बॉडवर तेच ९ सेकंद.

आणि हा वेळ फुकटचा नाही. ५.१० मध्ये कन्सोलवर लिहिण्याचं काम प्रिंटके बोलावणाऱ्याच्याच गळ्यात पडतं, आणि एक नोंद बाहेर जाईपर्यंत त्या सीपीयूचे इंटरप्ट बंद असतात. ८७ बाइटच्या नोंदीला साडेसात मिलिसेकंद. तुमच्या जुन्या पद्धतीने १०२४ बाइटची नोंद गेली तर ८९ मिलिसेकंद इंटरप्ट बंद! एवढ्यात दुसऱ्या यूआर्टवरून येणारा डेटा सांडतो, आणि माणूस यूआर्टचा ड्रायव्हर तपासत बसतो. ओळ लहान ठेवायचं हे दुसरं कारण, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठं.

म्हणून ही १०० ओळींची आरती इंटरप्ट हँडलरमधून किंवा स्पिनलॉक धरून म्हणू नका. तिथे फक्त स्नॅपशॉट कॉपी करा आणि छपाई वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांची रांग) टाका.

उलट बाजूही आहे. लूप फार वेगाने नोंदी टाकत असेल आणि कन्सोल मागे पडला तर रिंग गोल फिरून जुन्या नोंदी पुसते. मग कन्सोलवर दोन्हीकडे दोन-दोन तारे लावून “इतके प्रिंटके मेसेजेस ड्रॉप्ड” असं येतं. १२८ केबी ११५२०० ने रिकामं व्हायला अकरा-साडेअकरा सेकंद लागतात, त्यावरून अंदाज करा. लॉग_बफ_लेन=१एम चा उपयोग इथे होतो. आकडा दोनच्या घातात द्यावा.

---

मुळा_मुठा_मॉड्यूल

वरचं सगळं बरोबर आहे, पण मूळ प्रश्नच मला पटलेला नाही. १०० ओळींचं कॉन्फिगरेशन लॉगमध्ये कशाला? लॉग म्हणजे काय घडलं याची नोंदवही. आत्ता काय स्थिती आहे हे ज्याला हवं त्याने मागून घ्यावं, आणि त्यासाठी डीबगएफएस (कर्नलमधली माहिती फाइलसारखी वाचायला देणारी सोय) आहे. लांबीची मर्यादा नाही, इंटरप्ट बंद होत नाहीत, कन्सोल तुंबत नाही.

एक शो फंक्शन लिहा, समजा कॉन्फिग_शो. त्यात एसईक्यू_प्रिंटएफने ओळी टाका. खाली डिफाइन_शो_अॅट्रिब्यूट(कॉन्फिग) लिहिलं की कॉन्फिग_एफऑप्स आपोआप तयार होतं. इनिटमध्ये डीबगएफएस_क्रिएट_डिरने फोल्डर, मग डीबगएफएस_क्रिएट_फाइल("कॉन्फिग", ०४००, फोल्डर, तुमचा डेटा, &कॉन्फिग_एफऑप्स). परत आलेली किंमत तपासत बसू नका, डीबगएफएस नसला तरी मॉड्यूल चाललं पाहिजे. शो मध्ये एम->प्रायव्हेट मधून तुमचा डेटा मिळतो. एक्झिटमध्ये डीबगएफएस_रिमूव्ह_रिकर्सिव्ह. हे विसरलात तर आरएममॉडनंतरही फाइल तिथेच राहते आणि ती वाचणारा पहिला माणूस ऊप्स (कर्नलचा गंभीर एरर) बघतो.

एक खाच सांगतो, यात जाणते लोकही अडकतात. एसईक्यू फाइलचा बफर एका पानापासून सुरू होतो, ४०९६ बाइट. तुमचे ६१०० त्यात मावत नाहीत. मग कर्नल तो बफर टाकून दुप्पट मापाचा घेतो आणि तुमचं शो फंक्शन पहिल्यापासून पुन्हा बोलावतो. नुसतं वाचत असाल तर कळणारही नाही. पण शो मध्ये रांगेतून नोंदी काढत असाल किंवा वाचल्यावर मोजणी शून्य करत असाल, तर पहिल्या फेरीतलं गेलं, आणि दुसऱ्या फेरीत उरलेलंच दिसलं. मजकूर ४ केबीच्या आत असेपर्यंत सगळं सुरळीत, पुढे गेला की पहिल्या फेरीत काढलेला भाग गायब. शो ने काहीही बदलू नये.

सिसएफएसमध्ये (/सिस खालच्या फाइली) हे घालू नका. तिथे एका फाइलची मर्यादा एक पान, आणि शिस्त एका फाइलला एक किंमत अशी.

लॉगमध्ये हवंच असेल तर पीआर_डीबग करा. डायनॅमिक डीबग असलेल्या कर्नलमध्ये ते झोपलेलं असतं, हवं तेव्हा /सिस/कर्नल/डीबग/डायनॅमिक_डीबग/कंट्रोल मध्ये “मॉड्यूल अमुक +पी” एको केलं की जागं होतं. अगदी लोड होतानाच हवं तर मॉडप्रोबला डायएनडीबीजी=+पी द्या. मात्र लूप आणि त्याआधीचं एसएन-प्रिंटएफ झोपेतही चालूच राहतं, त्याचा खर्च वाचत नाही.

---

हिंजवडी_फेज३

डीबगएफएस पटलं, तिकडेच नेतो. पण मूळ कॉन्फिगरेशन बायनरी आहे, २ केबीचं. ते बिघडलेलं आलं तर मॉड्यूल लोडच होत नाही, म्हणजे डीबगएफएसची फाइलही नाही. तेव्हा कच्चे बाइट लॉगमध्येच छापावे लागतील. %*पीएच (बाइट हेक्समध्ये छापायची खूण) लावलं तर पहिलेच ६४ बाइट येतात.

---

सदाशिव_सिरीयल

%*पीएच ६४ पर्यंतच, ते तसंच ठरवलेलं आहे. हेडर बघायला ठेवा. २ केबीला प्रिंट_हेक्स_डंप:

प्रिंट_हेक्स_डंप(कर्न_एरर, "कॉन्फिग: ", डंप_प्रिफिक्स_ऑफसेट, १६, १, डेटा, लांबी, ट्रू);

१६ म्हणजे एका ओळीत किती बाइट. १६ किंवा ३२ च चालतं, दुसरं काही दिलंत तर १६ धरलं जातं. पुढचा १ म्हणजे बाइट सुटे ठेवायचे. ४ दिलंत तर चार-चारचे गट होतात, आणि लिटल एंडियन आर्मवर बाइट उलट क्रमाने दिसतात. फाइलशी ताडून बघायचं असेल तर १ च ठेवा. ट्रू म्हणजे उजवीकडे आस्कीही. डंप_प्रिफिक्स_अॅड्रेस नको, पत्त्याचा तुम्हाला उपयोग नाही, ऑफसेटचा आहे.

प्रत्येक रांग ही आपोआप वेगळी नोंद असते, त्यामुळे ९८९ चा प्रश्न येत नाही. २०४८ बाइटच्या १२८ ओळी, शिक्का धरून ओळीला शंभरएक बाइट, ११५२०० वर सेकंदाहून थोडं जास्त. लोड फसताना एकदाच होणार असेल तर सोसेल. पण आधी चेकसम आणि लांबी एका ओळीत छापा. बऱ्याचदा लांबीच चुकलेली असते आणि डंपची वेळ येत नाही.

---

डेक्कनचा_डीमेसेज

सिरीयलवर अधूनमधून चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर ती प्रिंटकेची नव्हेत. बीगलबोनच्या जे१ हेडरवर पिन १ ग्राउंड, ४ आरएक्स, ५ टीएक्स, आणि पातळी ३.३ व्होल्ट. पुण्यात तापकीर गल्लीत यूएसबी-सिरीयल केबल मागितली की ५ व्होल्टवालीही हातात पडते, दिसायला सारखीच. ३.३ ची आहे ना, हे मीटर लावून टीएक्सच्या तारेवर बघूनच जोडा. केबलची व्हीसीसीची तार मोकळी सोडायची.

---

औंध_आर्म

पुढे हेच मॉड्यूल ६ मालिकेतल्या अलीकडच्या कर्नलवर नेणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या: तिथे नावं बदलली आहेत. प्रिंटकेआरबी_रेकॉर्ड_मॅक्स १०२४ आणि कन्सोलचा प्रिंटके_मेसेज_मॅक्स २०४८. ९८९ चा आकडा थोडा वर सरकेल आणि १६ विरुद्ध १३ चा खेळ बराच कमी होईल, पण एका नोंदीची एक केबीची वेस तिथेही आहे. ओळीओळीचा लूप तसाच राहू द्या, फक्त पहिल्या दिवशी जुना एक-कॉलवाला कोड कुठल्या एरर-पाथमध्ये उरलाय का ते ग्रेप करून बघा.